ड्रॅगनचे दात काढू नका

मराठी बालपुस्तकांचे प्रकाशक, संपादक आणि शाळांसाठी पुस्तकं निवडणारी मंडळी यांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी मी एका प्रकाशनसंस्थेकडे साठेक पानांचं एक बाड पाठवलं होतं. 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्याच्या शेवटच्या भागात एक म्हातारा राजा ड्रॅगनशी लढतो. ती गोष्ट मी मुलांसाठी मराठीत सांगितली होती. चार महिन्यांनी बाड साभार परत आलं. वाचणाऱ्यानं ते मनापासून वाचलं होतं, समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या, त्याबद्दल मी आभारीच आहे. पण खुणा अशा होत्या: राजा मरायला नको. ड्रॅगननं शेवटी चूक कबूल करून गावकऱ्यांचा मित्र व्हावं. आणि 'ड्रॅगन' हा शब्द परका वाटतो, त्याऐवजी 'मोठा अजगर' चालेल का? मी फोन केला. बोलणं चांगलं झालं. शेवटी मी विचारलं, मुलांसाठी नको तर मोठ्यांसाठी काढता येईल का? पलीकडून आश्चर्यानं प्रश्न आला, "मोठ्यांसाठी? मग त्यात ड्रॅगन कशाला?"

ते बाड आता कपाटात आहे आणि त्याची तक्रार घेऊन मी आलेली नाही. त्या फोननं मात्र माझी झोप उडवली. मुलांच्या पुस्तकात ड्रॅगन भयंकर नको आणि मोठ्यांच्या पुस्तकात तो मुळीच नको, असं ठरलं तर तो राहणार कुठे?

मी गेली अकरा वर्षं दर शनिवारी दुपारी आमच्या घराच्या ओसरीवर मुलांना गोष्टी सांगते. घर जुनं, ओसरी ऐसपैस, पुस्तकांची दोन कपाटं. पंधरा-वीस मुलं येतात, परीक्षेच्या दिवसांत सात-आठ. गोष्ट संपली की तात्पर्य सांगायचं नाही, एवढा एकच नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. तेव्हा जे लिहिते आहे ते या ओसरीवर बसून पाहिलेलं आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैतली दुपार. आमचा तालुका दुष्काळी, पाऊस उशिरा आला, पण आला तो असा की पत्र्यावरच्या आवाजात मला ओरडून सांगावं लागत होतं. गोष्ट अघासुराची होती, भागवताच्या दशम स्कंधातली. अघासुर अजगर होऊन वाटेत पसरला आहे. एक योजन लांब. खालचा ओठ जमिनीवर, वरचा ढगांना टेकलेला. कृष्णाच्या सवंगड्यांना वाटतं, ही डोंगरातली गुहाच. एक म्हणतो, अगदी अजगराच्या तोंडासारखी दिसते नाही? दुसरा म्हणतो, ही वाट जिभेसारखी आहे, हा गरम वारा त्याच्या श्वासासारखा आहे, आणि हा वास आत जळालेल्या प्राण्यांचा असावा तसा आहे. म्हणजे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे आहे, सगळं ते तोंडानं बोलतायत, आणि तरी टाळ्या वाजवत, हसत आत शिरतात.

पुढच्या रांगेत दुसरीतली एक मुलगी बसली होती. ती पुटपुटली, "जाऊ नका ना." मला नव्हे, त्यांना. मी थांबले नाही. कृष्ण मागोमाग आत गेला, अजगराच्या गळ्यात वाढत वाढत गेला, अजगराचा श्वास कोंडला आणि प्राण मस्तक फोडून बाहेर पडले. सवंगडी उठून बसले. इथे बहुतेक पुस्तकं गोष्ट संपवतात. भागवत संपवत नाही. पुढे एक श्लोक आहे: त्या अजगराचं कातडं वाळलं आणि वृंदावनातल्या मुलांना खेळायला कितीतरी दिवस ती गुहा झाली.

ओसरीवर चुळबुळ सुरू झाली. त्याच मुलीनं विचारलं, "त्यात खेळताना त्यांना भीती नाही वाटली?" पाचवीतला एक मुलगा तिच्याकडे वळून म्हणाला, "आता तो मेलाय ना. म्हणून तर खेळायचं." पुढच्या शनिवारी मी पाहिलं तर मागच्या अंगणात या लोकांनी बांबू आणि ताडपत्रीची गुहा उभी केली होती. तोंडाला पुठ्ठ्याचे दात लावले होते, चांगले वीत-वीतभर, खडूनं पांढरे केलेले. दुसरीतली ती मुलगी सगळ्यात आधी आत शिरली.

मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे खरं तर. ते दात मुलांनी स्वतः लावले. कुणी सांगितलं नव्हतं.

भीती आपण मुलांना देतो असा आपला समज आहे. मुलं ती घरूनच घेऊन येतात. लाइट गेल्यावरचा जिना, दवाखान्यातला आजोबांचा पलंग, रात्री आई-बाबांचे चढलेले आवाज, शाळेच्या वाटेवरचा कुत्रा. या भीतीला तोंड नसतं, शेपूट नसते, ती कुठून सुरू होते आणि कुठे संपते ते कळत नाही. गोष्टीतल्या ड्रॅगनला डोकं असतं, पोट असतं, राहण्याची जागा असते आणि मुख्य म्हणजे त्याला मरण असतं. आपण त्याचं मरणच काढून घेतलं तर उरतं काय? मी एकदा त्या पेन्सिलीच्या खुणांप्रमाणे गोष्ट सांगून पाहिली. म्हटलं, आपलंच चुकत असेल. ड्रॅगननं माफी मागितली, गावाचा मित्र झाला, सगळ्यांनी मिळून जेवण केलं. थोडा वेळ शांतता. मग मागून आवाज आला, "पण तो परत रागावला तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एक गोष्ट इथेच कबूल करते, कारण तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात ती असणार. लहान मुलं खरंच घाबरतात. एका आईनं मला घरी येऊन सांगितलं होतं की पाच वर्षांचा तिचा मुलगा गोष्ट ऐकून दोन रात्री नीट झोपला नाही. ती बरोबर होती. त्या दिवशी उशीर झाला म्हणून मी वृत्राची, म्हणजे पाणी अडवून बसलेल्या त्या राक्षसी सापाची, गोष्ट मध्येच सोडली होती, 'उरलेली पुढच्या शनिवारी' म्हणून. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाला मी जिवंत वृत्र देऊन घरी पाठवलं होतं. चूक माझी. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन मी उरलेली गोष्ट सांगून आले. तेव्हापासून भीतीची गोष्ट अर्धी ठेवत नाही, आणि अगदी लहानांना थोरल्यांच्या रांगेत बसवत नाही. पण गोष्ट पातळही करत नाही.

पातळ करणं आपल्याकडे कालपरवाचं नाही. कालिया घ्या. आपल्या बहुतेक मुलांना कालियाची गोष्ट चेंडूची म्हणून माहीत असते: चेंडू यमुनेत पडला, कृष्णानं उडी मारली, नागाच्या फण्यांवर नाचला. चेंडू गोड आहे, लोकगीतांतून आला आहे, मलाही आवडतो. पण भागवतात चेंडूचा पत्ता नाही. तिथे तहानलेल्या गाई आणि गुराखी त्या डोहाचं विषारी पाणी पितात आणि काठावर मरून पडतात. कृष्ण त्यांना उठवतो आणि मग कदंबावर चढतो. आणि कालिया त्या डोहात आला का? तर गरुडाच्या भीतीनं. सौभरी ऋषींच्या शापामुळे गरुड तिथे येऊ शकत नव्हता, ती एकच जागा त्याला सुरक्षित होती. ज्याला सगळे घाबरतात तोच कुणालातरी घाबरून लपलेला आहे! कृष्ण त्याला मारत नाही. नागपत्नी पिल्लांना पुढे घालून दयेची याचना करतात आणि कृष्ण त्याला रमणक बेटावर परत पाठवतो. तुझ्या फण्यांवर माझ्या पावलांच्या खुणा आहेत, आता गरुड तुला काही करणार नाही, असं सांगून. चेंडूच्या गोष्टीत यातलं काहीच मावत नाही. काठावरची मेलेली वासरं काढली की नागाला सोडून देण्यातली किंमतही जाते.

गोड ड्रॅगनशी माझं वैर नाही. ब्रिटिश लेखक केनेथ ग्रॅहम यांनी १८९८ मध्येच एक ड्रॅगन लिहिला, ज्याला लढायचंच नसतं, कविता करत उन्हात पडून राहायचं असतं. ड्रॅगनला मारणारा म्हणून प्रसिद्ध असलेल्या सेंट जॉर्जशी त्याची लढाई होते ती आधी ठरवून केलेली, लुटुपुटीची. गोष्ट फार लोभस आहे. पण ती ज्या मुलांसाठी लिहिली होती त्यांना खरा सेंट जॉर्ज पाळण्यापासून ठाऊक होता. त्या जुन्या कथेत शहर रोज दोन मेंढ्या ड्रॅगनला देतं, मेंढ्या संपतात तेव्हा चिठ्ठ्या टाकून मुलं देतं, आणि एक दिवस चिठ्ठी राजाच्या मुलीची निघते. हे ज्याच्या अंगावर काट्यासारखं येऊन गेलं आहे त्याला कविता करणारा ड्रॅगन पाहून खुदकन हसू येतं. आमच्या मुलाला पहिलाच ड्रॅगन भेटतो तो गुलाबी, गुबगुबीत, दात घासण्याचं महत्त्व सांगणारा. त्याच्याकडे बघून हसायचं कशाला, हे त्याला कळत नाही. तो पान उलटतो.

आता परकेपणाबद्दल. 'ड्रॅगन' हा शब्द आमच्या मुलांना रोज वर्तमानपत्रात दिसतो. 'ड्रॅगनच्या कुरापती', 'ड्रॅगनला इशारा'. एका मुलानं मला विचारलंही होतं, "ड्रॅगन म्हणजे चीनच ना?" मग मी त्यांना चीनचा ड्रॅगन सांगितला, तिकडे ज्याला 'लुंग' म्हणतात. तो आग ओकत नाही. त्याचा संबंध पाण्याशी. नद्या, ढग, पाऊस ही त्याची कामं, चार समुद्रांचे चार ड्रॅगनराजे, आणि पीत नदीच्या प्रवाहाविरुद्ध पोहत जाऊन जो मासा ड्रॅगनदारावरून उडी मारेल तो स्वतः ड्रॅगन होईल. पावसासाठी लोक त्याची करुणा भाकत. हे सांगताना मला वाटलं होतं, मुलांना लांबचं वाटेल. पण ज्या घरांत उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात तिथल्या मुलांना पाऊस आणणारा ड्रॅगन समजावून सांगावा लागत नाही.

त्याच्या पुढच्याच शनिवारी मी उलटा ड्रॅगन सांगितला. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं बत्तिसावं सूक्त. वृत्र डोंगरावर पसरला आहे, सगळं पाणी अडवून. सूक्त त्याला 'अहि' म्हणतं, साप. त्वष्ट्यानं घडवलेलं वज्र घेऊन इंद्र येतो, वृत्राला मारतो, आणि हंबरत निघालेल्या गाईंसारखं पाणी समुद्राकडे धावत सुटतं. वृत्राची आई दानू वासरावर गाईनं पडावं तशी मेलेल्या मुलावर पडलेली आहे. आणि मग ती ऋचा, जी मला कुठल्याच मुलांच्या पुस्तकात सापडली नाही: वृत्राला मारल्यावर इंद्राच्या काळजात भीती शिरते. कवी त्यालाच विचारतो, अहीचा सूड घ्यायला येणारा असा कोण दिसला तुला, की तू नव्याण्णव नद्या ओलांडून भ्यालेल्या ससाण्यासारखा पळालास? 'श्येनो न भीतो.' मी घाबरत घाबरत हे सांगितलं, मुलं हसतील म्हणून. कुणी हसलं नाही. एकानं विचारलं, "मारल्यावर पण भीती वाटते?" मी म्हटलं, ऋषींनी तरी तसंच लिहून ठेवलंय.

तीन हजार वर्षांहून जुनं सूक्त आहे ते. वेदातला 'अहि' आणि अवेस्ता या पारशांच्या जुन्या धर्मग्रंथातला 'अझि' हे भाऊभाऊ आहेत, इराणात पुढे त्याचाच अझदहा झाला. कॅल्व्हर्ट वॉटकिन्स या भाषाशास्त्रज्ञानं १९९५ मध्ये याच विषयावर मोठा ग्रंथ लिहिला: 'वीरानं सापाला मारलं' हे वाक्य भारतापासून ग्रीस आणि आयर्लंडपर्यंतच्या काव्यांत कसं पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिलं. ज्या ग्रीक शब्दावरून 'ड्रॅगन' आला त्या 'द्राकोन'चा अर्थही मोठा साप असाच. नातं इतकं जुनं असताना परकं कोण म्हणेल? आणि आकाशात तर आपण त्याला कधीच नाव देऊन ठेवलं आहे. सप्तर्षी आणि ध्रुवमत्स्य यांच्या मधून शेपूट वळवत गेलेला तारकासमूह मराठीत कालेय, इंग्रजीत ड्रॅको. त्यातला थुबन हा तारा साधारण पावणेपाच हजार वर्षांपूर्वी ध्रुवतारा होता. उन्हाळ्यात गच्चीवरून मुलांना तो दाखवते तेव्हा ती आधी कालेय म्हणतात आणि मग 'आमचा ड्रॅगन' म्हणतात.

'मोठा अजगर' मात्र चालणार नाही. अजगर खरा प्राणी आहे, मुलांनी तो सर्पमित्राच्या हातात पाहिलेला असतो. तो उडत नाही, आग ओकत नाही, सोन्यावर बसत नाही. सोन्यावर बसतो तो नाग, तोही गोष्टीतला. आमच्या गावात एका पडक्या वाड्याबद्दल अजून सांगतात की तिथे पुरलेल्या धनावर नाग आहे, खणायला जाल तर फुत्कार ऐकू येतो. महाराष्ट्रात असं एखादं तरी ठिकाण नसलेलं गाव मला माहीत नाही. जुन्या इंग्रजी काव्यातल्या त्या ड्रॅगनला समजून घ्यायला आमच्या माणसाला एवढी ओळख पुरते. ती ओळख जागवायची आणि शब्द 'ड्रॅगन'च ठेवायचा.

आता मोठ्यांकडे येते. माझा खरा जीव इथे अडकला आहे.

बेओवुल्फची गोष्ट मी ओसरीवर सांगितली तेव्हा एक आजोबा नातीला न्यायला लवकर आले होते. एसटीत ड्रायव्हर होते, चौतीस वर्षं नोकरी झालेली. ते पायरीवर टेकले. मी सांगत होते: एका कुळातला शेवटचा माणूस उरला. त्यानं आपल्या लोकांचं सगळं सोनं टेकडीच्या पोटात ठेवलं, कारण ते वापरायला कुणी राहिलंच नव्हतं. ते ड्रॅगनला सापडलं आणि तीनशे वर्षं तो त्यावर पडून राहिला. मग धन्याच्या माराला भिऊन पळालेला एक गुलाम आत शिरतो आणि एक पेला उचलतो. एकच पेला. ड्रॅगन जागा होतो, हुंगतो, बाहेर फिरून येतो, परत आत जाऊन बघतो. पेला नाहीच. रात्र पडते आणि घरं जळायला लागतात.

राजानं पन्नास वर्षं राज्य केलं आहे. लाकडी ढाल जळेल म्हणून तो लोखंडाची करून घेतो. अकरा साथीदार आणि वाट दाखवायला तो चोर, एवढे घेऊन निघतो. तलवार मोडते. साथीदार रानात पळतात, विग्लाफ नावाचा एक तरुण तेवढा मागे येतो. दोघं मिळून ड्रॅगनला मारतात, पण ड्रॅगनचे दात राजाच्या मानेत घुसलेले असतात आणि विष चढत जातं. राजा म्हणतो, ते सोनं एकदा मला दाखव. विग्लाफ ओंजळी भरभरून आणतो. राजा ते पाहतो आणि मरतो. लोक ड्रॅगनचं धूड कड्यावरून समुद्रात ढकलतात आणि सोनं राजाबरोबर पुन्हा मातीत ठेवतात.

मुलं पांगली. आजोबा बसून होते. चपला घालता घालता म्हणाले, "त्याला माहीत होतं ना, या खेपेला जमणार नाही म्हणून?" मी म्हटलं, हो, कवी तसं आधीच सांगतो. "तरी गेला." मग नातीचा हात धरून निघाले, फाटकापाशी थांबले आणि विचारलं, "हे मराठीत वाचायला मिळेल का? मोठ्या अक्षरात?"

त्यांना द्यायला माझ्याकडे माझं परत आलेलं बाड होतं. तेच वाचायला दिलं, पेन्सिलीच्या खुणांसकट.

या काव्याची जगात एकच जुनी पोथी उरली आहे, साधारण इसवी सन १००० ची, ३१८२ ओळींची. १७३१ मध्ये लंडनला लागलेल्या आगीत तिच्या कडा करपल्या, आता ती ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्या पोथीवर काम करणारे विद्वान फार काळ कुरकुरत होते की कवीनं एवढी भारदस्त भाषा राक्षस आणि ड्रॅगनवर का वाया घालवली. नोव्हेंबर १९३६ मध्ये ऑक्सफर्डचे एक प्राध्यापक ब्रिटिश अकादमीपुढे उभे राहिले आणि त्यांनी ठामपणे मांडलं की राक्षस आणि ड्रॅगन हेच या काव्याचं हृदय आहे. त्यांचं नाव जे. आर. आर. टोल्किन. दहा महिन्यांनी, सप्टेंबर १९३७ मध्ये, त्यांचं मुलांसाठीचं पुस्तक आलं, 'द हॉबिट'. त्यात सोन्यावर झोपलेला एक ड्रॅगन आहे आणि त्याच्या खजिन्यातून एक पेला चोरीला जातो. एकाच माणसानं वर्षभराच्या आत तोच ड्रॅगन पंडितांनाही दिला आणि पोरांनाही. दोघांसाठी त्याचे दात सारखेच ठेवले.

आपल्याकडेही ही भिंत फार जुनी नाही. माझ्या लहानपणी 'चांदोबा' घरी आला की आधी आजोबा वाचायचे, मग काका, आणि आम्हा मुलांच्या हाती तो येईपर्यंत वेताळाचं पान मऊ पडलेलं असायचं. कीर्तनात तर आजी आणि नात एकाच सतरंजीवर बसून तीच कथा ऐकतात. बुवा काही 'वयोगट ६ ते ९' असं सांगून उभे राहत नाहीत.

मोठ्यांच्या ड्रॅगनमध्ये मला एक गोष्ट विशेष वाटते: तो पुष्कळदा आधी माणूस असतो. आइसलंडच्या गाथांमधला फाफनिर सोन्यासाठी बापाला मारतो, सोन्यावर जाऊन पडतो आणि तिथेच त्याचा ड्रॅगन होतो. आणि आपला नहुष! इंद्रपदावर बसलेला राजा, पालखीला ऋषी जुंपतो, अगस्तींना लाथ मारतो आणि शापानं अजगर होऊन खाली कोसळतो. युगं जातात. वनपर्वात भीम त्याच्या विळख्यात सापडतो, दहा हजार हत्तींचं बळ असलेला भीम, आणि त्याला हलता येत नाही. युधिष्ठिर शोधत येतो. तो शस्त्र उचलत नाही, अजगराला विचारतो, तू कोण? अजगर म्हणतो, मी तुझाच पूर्वज. माझ्या प्रश्नांची उत्तरं दे, तुझ्या भावाला सोडतो. पहिला प्रश्न: ब्राह्मण कोण? युधिष्ठिर सांगतो, सत्य, दान, क्षमा, शील, दया ज्याच्यात दिसेल तो. अजगर अडवतो: हे तर शूद्रातही दिसतं. युधिष्ठिर म्हणतो, दिसलं तर तो शूद्र नव्हे, आणि ज्याच्यात दिसत नाही तो ब्राह्मण नव्हे. रानात, भावाचा जीव विळख्यात असताना चाललेला हा संवाद आहे. आपल्याच घराण्यातला एक माणूस गर्वानं साप झाला आणि प्रश्न विचारत पडून राहिला. यापेक्षा मोठ्यांची गोष्ट कोणती? सुंदर चित्रांसह, चांगल्या गद्यात, नुसत्या या प्रसंगाचं मराठी पुस्तक कुठे मिळेल, असं मला तीन पालकांनी विचारलं आहे.

म्हणून ही विनंती. गोष्ट घ्याल तर तिचा शेवट घ्या, मरणासकट. मुलांसाठी ड्रॅगन काढाल तेव्हा चित्रकाराला सांगा की तो पानात मावू नये, शेपूट पुढच्या पानावर गेली तरी चालेल. शेवटी तात्पर्याची चौकट छापू नका. इंग्रजीतल्या आधीच मऊ केलेल्या आवृत्तींवरून भाषांतर करून घेण्यापेक्षा मुळाकडे जा. संस्कृत आणि अवेस्ता जाणणारी माणसं पुण्या-मुंबईत आहेत, चिनी शिकलेली मराठी मुलंमुली आहेत, त्यांना विचारा, त्यांना नीट मानधन द्या. एक तरी पुस्तक असं काढा की ज्यावर वयोगट लिहिलेला नाही आणि ज्याची अक्षरं आजोबांना चष्म्याशिवाय नाही तरी चष्म्यानं वाचता येतील. विकलं जाईल का, हा तुमचा प्रश्न खरा आहे, कागदाचे भाव मलाही माहीत आहेत. पण ओसरीवर अकरा वर्षं जी मागणी मी ऐकते आहे ती माझ्या कानांनी ऐकली आहे. मुलं दुसऱ्यांदा सांगायला लावतात त्या गोष्टींत ड्रॅगन मेलेला असतो किंवा राजा.

येत्या शनिवारी चार वाजता नहुषाची गोष्ट आहे. तुमच्यापैकी कुणाला येता आलं तर या. पायरीवर बसायला जागा आहे, आजोबाही येणार आहेत. ताडपत्रीची गुहा मागच्या अंगणात अजून उभी आहे. यंदाच्या पावसात तिचा एक दात गळाला, तो मुलं गोष्टीआधी बसवून घेणार आहेत.

आपली नम्र,
शनिवारच्या ओसरीवरून